त्याला ती गोळी, मला ही का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या खेपेची पत्रं वाचताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा समोर आली: आजार तर एकच, मग गोळ्या वेगळ्या का? कुणी भावाच्या चिठ्ठीशी आपली चिठ्ठी ताडून पाहिली आहे, कुणी साडूच्या, कुणी शेजाऱ्याच्या. चोपड्याला दवाखाना घालून मला २८ वर्षं झाली आणि हा प्रश्न मी रोज ऐकते. तो विचारायलाच हवा. चिठ्ठी लिहिताना आजाराचं नाव एका ओळीत संपतं. बाकीचा वेळ जातो तो वय, वजन, किडनी, आधीच्या गोळ्या, घरातलं जेवण आणि कामाची पाळी विचारण्यात. तिथं घाई झाली की चूक होते. ती चूक माझ्या घरातही झाली आहे, ते पुढे येईलच.

प्रश्न : आम्ही दोघे सख्खे भाऊ, केळी लावतो. मी ५२ वर्षांचा, भाऊ ४८ चा. दोघांनाही बीपी. भावाला ॲम्लोडिपिन ५ ची एक गोळी आहे, त्याचं छान चाललंय. मला टेल्मिसार्टन ४० दिली, वर दर काही महिन्यांनी रक्त तपासायला लावतात आणि केळी जपून खा म्हणतात. मला १० वर्षांपासून शुगर आहे, लघवीत थोडं प्रोटीन जातं. मी भावाचीच गोळी सुरू केली तर?
— एक बागायतदार, रावेर तालुका

दादा, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. शुगर आणि लघवीतलं प्रोटीन तुम्हाला आहे, भावाला नाही. प्रोटीन जाऊ लागलं म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्यांवर दाब वाढलेला असतो. टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या अंगातला दाब उतरवतातच, शिवाय त्या गाळण्यांच्या आतला दाबही कमी करतात. ॲम्लोडिपिन हे उत्तम औषध आहे, मी रोज लिहिते, पण हे दुसरं काम ते तसं करत नाही. तुम्ही गोळी बदलली तर यंत्रावर बीपी कदाचित तेवढंच दिसेल आणि किडनीचं नुकसान मात्र गुपचूप चालू राहील.

भावाच्या गोळीचाही एक स्वभाव आहे, तो त्यांना सांगून ठेवा. अडावदकडच्या एक आजी माझ्याकडे येतात. एकदा आल्या त्या पाय पुढे करूनच बसल्या, म्हणाल्या, “बाई, मना पाय सुजी ग्यात.” चांदीचे कडे घोट्यात इतके रुतले होते की खाली लाल वळ उठला होता. घरच्यांनी किडनी गेली असं समजून लघवीची गोळी सुरू केली होती. तपासलं तर किडनी ठीक, हृदय ठीक. ॲम्लोडिपिन १० वर नेलेली होती, तिची ती सूज. गोळी निम्म्यावर आणली, जोडीला दुसरी दिली. तीन आठवड्यांनी आजींचे कडे पायात पुन्हा फिरू लागले. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी चढवण्याआधी पहिलीकडे बघायचं, हे मी अशा पायांवरूनच शिकले.

आता केळीचं. टेल्मिसार्टनमुळे अंगातलं पोटॅशियम थोडं साठतं. किडनी धड असेल तर ती जास्तीचं बाहेर टाकते, अडचण येत नाही. किडनी थकलेली असली की ते रक्तात चढतं आणि फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. रक्तात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. तुमचा आकडा ४.२ असेल तर दिवसाला एक केळं खुशाल खा. ५ च्या पुढे गेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि बागेत उभ्यानं चार-पाच केळी खायची सवय सोडा. रावेरच्या माणसाला हे सांगणं किती जड आहे ते मला कळतं. म्हणूनच ती रक्ततपासणी महत्त्वाची. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत एकदा, मग डॉक्टर सांगतील तशी. आकडा हातात असला की उगाच बंदी घालावी लागत नाही.

आणखी एक. ‘बीपीवाल्यांसाठी चांगलं’ म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ तुम्ही आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि ते तुमच्या गोळीशी मिळून आकडा वाढवतं. साधंच मीठ घ्या, पण हात आखडून. उडदाचे पापड, बिबडे, लोणचं यांतलं मीठ जेवणात धरलंच जात नाही. पापडखारातही सोडियमच असतं.

प्रश्न : मला सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दोन गोळ्या घेतल्या आणि रात्री लघवीच बंद झाली, नळी घालावी लागली. सर्दीच्या गोळीनं असं होतं का? वय ६८.
— चाळीसगाव

होतं, काका, आणि हिवाळ्यात असे दोन-तीन रुग्ण मी पाहतेच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते नाक सुकवतं आणि मूत्राशयाचा जोरही कमी करतं. जोडीला फेनिलेफ्रिन असतं, ते मूत्राशयाचं तोंड आवळतं. तिशीतल्या माणसाला हे जाणवतही नाही. पण साठीनंतर मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, रात्री तीनदा उठावं लागतं, धार बारीक झालेली असते. तिथं या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाट पूर्ण अडते. नाक चोंदलं तर वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी अजून झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या.

प्रश्न : आईचं वय ७२, वजन ४२ किलो, शुगर आणि बीपी आहे. क्रिएटिनिन १.३ आलं. रिपोर्टवर बाजूला १.२ पर्यंत नॉर्मल असं छापलंय, म्हणजे थोडंसंच जास्त. तरी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन निम्मी केली आणि गुडघ्यासाठी चालू असलेली डायक्लोफेनॅक एकदम बंद केली. आमच्या शेजारच्या काकांचंही क्रिएटिनिन १.३ आहे. ते ४५ वर्षांचे, ८० किलोचे. त्यांना कुणी काही बंद केलं नाही. आईचे गुडघे तर दुखतातच.
— एक मुलगी, धुळे

ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं, आणि का ते तुम्ही स्वतः कागदावर मांडून बघू शकता.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा कचरा. किडनी तो गाळून टाकते, ती थकली की तो रक्तात साठतो. ज्याच्या अंगात मांस कमी त्याच्या रक्तात ते मुळातच कमी पडतं. म्हणून बारीक, वयस्कर बाईचं १.३ आणि धडधाकट माणसाचं १.३ हे दोन वेगळे आकडे आहेत. हिशोब असा: १४० मधून वय वजा करायचं, उरेल त्याला वजनानं गुणायचं, आलेल्या उत्तराला ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं, आणि बाई असेल तर शेवटी ०.८५ नं गुणायचं. हे सूत्र १९७६ पासून वापरात आहे आणि औषधांचे डोस ठरवताना आजही कामी येतं.

आईचं बघू. १४० वजा ७२ म्हणजे ६८. ६८ गुणिले ४२, झाले २८५६. ७२ गुणिले १.३ म्हणजे ९३.६. भागाकार ३०.५, त्याला ०.८५ नं गुणलं की साधारण २६. शेजारच्या काकांचं याच पद्धतीनं ८१ येतं. म्हणजे काकांची किडनी मिनिटाला ८१ मिलिलिटर रक्त गाळते आणि आईची २६. रिपोर्टवर छापलेला आकडा दोघांचा एकच. माझ्या टेबलाखाली वजनकाटा आहे तो याचसाठी. पेशंटला वाटतं बाई जाड-बारीक बघतात, मी बघते डोस.

तुमच्या रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून आणखी एक आकडा असेल. तो दुसऱ्या सूत्रानं काढतात, त्यात वजन धरत नाहीत, ठरावीक अंगकाठीचा माणूस गृहीत धरतात. आईचा तो ४४ च्या आसपास यायला हवा. मेटफॉर्मिनचा निर्णय त्यावर घेतात: ४५ च्या खाली निम्मी, ३० च्या खाली बंद. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी निम्मी केली. हगवण, उलट्या किंवा कडक ताप आला तर ती निम्मीही बरं वाटेपर्यंत थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर तिनं बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, तेही एकदा तपासून घ्या. पायांना मुंग्या येतात त्या सगळ्याच शुगरच्या नसतात.

आता डायक्लोफेनॅक. इथं मला माझ्या आईबद्दल लिहायचं आहे.

आखाजीच्या आधीचे दिवस होते, पारा ४५ च्या पुढे. आई ७० वर्षांची, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीच्या औषधाची एकत्र गोळी चालू. ती मीच लिहून दिलेली. पहाटे चारला उठून तिनं बिबड्यांसाठी ज्वारीचं पीठ शिजवलं आणि गच्चीवर खाटेवर फडकं अंथरून दुपारपर्यंत बिबडे घातले. गुडघे भरून आले. मला त्रास नको म्हणून ती गावातल्या एका दवाखान्यात गेली. तिथं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. बीपीची कोणती गोळी चालू आहे हे कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. मी पोचले तेव्हा ती माजघरात फरशीवर पडून होती, ओठ कोरडे, जीभ चामड्यासारखी. क्रिएटिनिन ४.८.

घडलं ते असं. उन्हानं आणि जुलाबानं अंगातलं पाणी गेलं. लघवीच्या गोळीनं आणखी गेलं. पाणी कमी झालं की किडनी आपल्या आत येणारी रक्तवाहिनी सैल करून आणि बाहेर जाणारी आवळून दाब टिकवते. डायक्लोफेनॅकनं पहिली युक्ती बंद पाडली, टेल्मिसार्टननं दुसरी. एकेकटी गोळी तिनं सहन केली असती. तिघींनी मिळून आणि मे महिन्यानं मिळून किडनी बसवली. सलाईनवर, सगळ्या गोळ्या थांबवून, आठ दिवसांत ती सावरली, डायलिसिस लागलं नाही. पण ती गोळी लिहून देताना ‘यावर दुखण्याची गोळी घ्यायची नाही आणि जुलाब लागले तर ही थांबवून मला सांग’ हे दोन शब्द मी माझ्याच आईला सांगितले नव्हते. तेव्हापासून ही जोडगोळी लिहिली की त्याच कागदावर खाली हे मराठीत लिहून देते.

तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ५०० ची गोळी, दिवसातून तीनदा, गरज पडली तर चौथी. ४२ किलोच्या, या वयाच्या बाईला मी दिवसाला २ ग्रॅमच्या वर नेत नाही. मेडिकलवरून आणताना पत्ता उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणून हातात ठेवलेल्या पत्त्यावर पुष्कळदा शेजारी ॲसिक्लोफेनॅकही छापलेलं असतं, आणि ते डायक्लोफेनॅकचंच भावंड. गुडघ्यावर लावायचं जेल चालेल, त्यातलं अंगात फार थोडं जातं, पण तेही रोज सगळ्या अंगाला चोळायचं नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ दहादहा वेळा. महिनाभर नेटानं केलं तर गोळीपेक्षा जास्त गुण येतो. आणि घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा.

प्रश्न : माझे पती मालगाडीवर लोको पायलट आहेत, ड्यूटीचा काही नेम नाही. सहा महिन्यांपूर्वी शुगर निघाली. त्यांच्या साडूंना ग्लिमेपिराइड दिली, त्यांची शुगर पंधरा दिवसांत उतरली. यांना मेटफॉर्मिनसोबत सिटाग्लिप्टिन दिली, हळूहळू उतरते आहे. जोरदार गोळी मागावी का? रमजानमध्ये ते रोजेही धरतात.
— भुसावळ

वहिनी, हळूहळूच उतरू द्या. ‘जोरदार’ ग्लिमेपिराइड कशी काम करते ते बघा. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला की नाही हे ती विचारत नाही. साडू दुकानात बसत असतील, एकला घरी जेवायला जात असतील, तर ती गोळी त्यांना शोभते आणि स्वस्तही पडते. तुमच्या पतींचा डबा मात्र गाडी कुठे उभी राहते त्यावर ठरतो. सिग्नलला दोन तास थांबले, डबा राहून गेला, तर साखर ७० च्या खाली येते. हात कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतं. हे घरात खाटेवर झालं तर चमचाभर साखरेनं भागतं. हातात इंजिन असताना व्हायला नको. जो ट्रक चालवतो, विहिरीवर काम करतो, विजेच्या खांबावर चढतो, त्या प्रत्येकाला शुगरची गोळी लिहिताना मी आधी धंदा विचारते, त्याचं कारण हेच.

सिटाग्लिप्टिन आणि त्या जातीच्या गोळ्या जेवणानंतर साखर चढली की जोर धरतात, उपाशीपोटी गप्प राहतात. मेटफॉर्मिनही एकटी असली तर साखर सहसा ७० च्या खाली पाडत नाही. या जोडीनं शुगर उतरायला वेळ लागतो, पण डबा चुकला तरी धोका कमी. सिटाग्लिप्टिन एके काळी परवडत नव्हती. २०२२ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि किंमत बरीच खाली आली, तेव्हा पैशाची सबब आता तितकी उरलेली नाही.

रोज्यांचं वेळेत विचारलंत हे फार चांगलं केलं. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. त्यांच्या सध्याच्या गोळ्यांवर रोजे धरणं बहुधा जमेल, मेटफॉर्मिनचा मोठा हिस्सा इफ्तारला, लहान सेहरीला, असं वाटून देतील. बोटातून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, म्हणून यंत्र जवळ असू द्या. ७० च्या खाली आली तर रोजा तिथेच सोडायचा. कुणी मधेच डॅपाग्लिफ्लोझिन सुचवलं तर थांबा. हृदय कमजोर असणाऱ्याला, लघवीत प्रोटीन जाणाऱ्याला ते फार गुणाचं औषध आहे, पण ते साखर लघवीवाटे काढतं आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. निर्जळी उपासाच्या तोंडावर ते नव्यानं सुरू करू नये. हेच मी नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या बायांनाही सांगते.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. एका मुलाला मलेरिया झाला, १४ दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळपट लाल झाली, डोळे पिवळे पडले. त्याला सिकलसेलचं कार्ड नाही, तपासणी निगेटिव्ह होती. मग हे कशानं झालं? आता बाकीच्या मुलांना त्या गोळ्या द्यायची भीती वाटते.
— धडगाव तालुका

मॅडम, तुम्ही लघवीच्या रंगाकडे लक्ष दिलंत म्हणून तो मुलगा वेळेत दवाखान्यात पोचला असणार. हे बहुधा सिकलसेल नव्हे, जी-६-पीडी नावाच्या एका विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे. हा विकर तांबड्या पेशींना जपतो. ज्याच्यात तो कमी, त्याला एरवी काहीही होत नाही, तो मुलगा पळतो, खेळतो. पण त्या १४ दिवसांच्या गोळ्यांतलं प्रायमाक्विन पोटात गेलं की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. ही कमतरता आईकडून येते आणि मुलग्यांत जास्त दिसते. सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह असली म्हणून ती नाही असं होत नाही. दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत.

म्हणून बाकीच्या मुलांचं औषध थांबवू नका. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात, आणि प्रायमाक्विन घेतलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी ताप उलटतो. सातपुड्यात असा उलटणारा ताप किती वर्षं चालत आला आहे ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. करायचं एवढंच की गोळ्या सुरू होण्याआधी जी-६-पीडीची चाचणी होऊ शकते का ते आरोग्य केंद्रात विचारायचं. नसेल होत, तर पहिले पाच-सहा दिवस रोज सकाळी प्रत्येक मुलाला लघवीचा रंग विचारायचा. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी किंवा कोलासारखी दिसली तर गोळी तिथेच थांबवून लगेच दवाखाना. ज्याच्यात कमतरता आहे त्यालाही आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली प्रायमाक्विन देता येतं. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला मात्र ते द्यायचं नाही.

त्या मुलाच्या दप्तरात एक कागद ठेवा: ‘प्रायमाक्विन देऊ नये, जी-६-पीडी तपासा.’ पेशी फुटल्यानंतर लगेच केलेली चाचणी फसवी येऊ शकते, म्हणून तीनेक महिन्यांनी पुन्हा करा. त्याचे भाऊ आणि मामा यांचीही.

सिकलसेलची मोहीम १ जुलै २०२३ पासून देशातल्या आदिवासी भागांत चालू आहे, तुमच्या शाळेत कार्डं आली आहेत ती त्यातलीच. ज्यांचं कार्ड आजाराचं आहे त्या मुलांची अंगदुखी उठली की भरपूर पाणी, ऊब आणि पॅरासिटामॉल यानं सुरुवात करा. डायक्लोफेनॅकची सुई सरसकट नको. सिकलसेल किडनीलाही धरतो.

प्रश्न : घरात पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या आहेत. थोरल्याची, धाकट्याची आणि दवाखान्यातून आलेले थेंब. ताप आला की एक चमचा देतो. बाळ १० किलोचं आहे. चालतं ना?
— शिरपूर

नाही, ताई. तिन्ही बाटल्या एका ओळीत ठेवा आणि लेबल वाचा. एकीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल, दुसरीवर ५ मिलीत २५०. थेंबांच्या छोट्या बाटलीवर १ मिलीत १०० असतं. तापासाठी मुलाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतात, म्हणजे तुमच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त १५०. पहिल्या बाटलीतून ते ६ मिली होतं, दुसरीतून ३ मिली, थेंबांतून दीड मिली. ‘एक चमचा’ थेंब दिले तर ५०० मिलिग्रॅम गेले, तिपटीहून जास्त, आणि रात्रीत दोन-तीनदा गेले तर यकृताला धोका. घरातले चमचेही सारखे नसतात, बाटलीसोबतचं मापच वापरा. जे लागत नाही ते आजच फेकून द्या. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारहून जास्त नाही. ताप तीन दिवसांवर गेला किंवा बाळ दूध सोडून पडून राहिलं तर बाटली ठेवा आणि दाखवायला न्या.

थोरल्याच्या चिठ्ठीत कुणी निमेसुलाइड लिहिलं असेल तर तेही काढून टाका. १२ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला २०११ पासून बंदी आहे.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची. सातवीत असताना फिट आली, तेव्हापासून व्हॅल्प्रोएट चालू आहे. पाच वर्षांत एकही फिट नाही. दिवाळीनंतर लग्न आहे. नवीन डॉक्टर गोळी बदलू म्हणतात. जी गोळी लागू पडली ती का बदलायची? सासरी हे सांगितलेलं नाही.
— एक वडील, अमळनेर

भाऊ, तुमची भीती मी समजू शकते. पाच वर्षं घर शांत झोपलं आहे. सातवीतल्या मुलीसाठी ती गोळी योग्यही असेल. पण आता ती आई होण्याच्या वयात आली आहे, आणि व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू राहिलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत मोठं व्यंग राहतं, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं. ३० ते ४० मुलांच्या बोलण्याची, शिकण्याची वाढ मागे पडते. बाळाचा मणका पहिल्या महिन्यातच जुळतो, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत ते होऊनही गेलेलं असतं. म्हणून दिवस राहिल्यावर बदलू असं चालत नाही. नवे डॉक्टर आत्ता बोलले, ते वेळेवर बोलले.

लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिनसारखी औषधं बाळासाठी बरीच सुरक्षित आहेत. बदल हळूहळू होतो, नवी वाढवत जुनी कमी करत, काही आठवडे ते काही महिने. त्या काळात तिनं एकटीनं विहिरीवर, नदीवर जाऊ नये, गाडी चालवू नये, जागरण टाळावं. हळदीच्या आणि लग्नाच्या रात्रीचं जागरण तर नक्कीच. दिवाळीला अजून वेळ आहे तोवर हे उरकून घ्या. घाबरून आजच गोळी एकदम बंद करू नका, त्यानं फिटा एकामागून एक येतात. फॉलिक ॲसिड डॉक्टरांना विचारून आत्तापासून सुरू करा. क्वचित कुणाला व्हॅल्प्रोएटशिवाय दुसरं काहीच लागू पडत नाही. तसं असेल तर तो निर्णय मेंदूविकार तज्ज्ञांसमोर, मुलगी समोर असताना घ्या.

सासरचं. लपवलं की मुलगी गोळी लपवून खाते, आणि लपवून खाल्लेली गोळी आठवड्यातून दोनदा चुकते. नव्या घरात, नव्या जागरणात फिट येते ती अशी. होणाऱ्या नवऱ्याला तरी सांगा. तिला एकटीला पाठवू नका, दोघांना घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे यायचं असेल तर बुधवारी दुपारी तीननंतर गर्दी नसते. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, सातवीतला ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख सापडला तर तो, आणि तिचं आजचं वजन घेऊन या.